मुलं दशैंला कुठे जातात, ते आधी विचारा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: "सलाम मावशी. आम्ही फत्तेगंजच्या एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला, चितवन जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती बालगृहात दहा दिवस सेवेला जायचं ठरतंय. आम्ही १४ जण, माणशी १८ हजार खर्च. तिथे ३२ मुलं आहेत, सगळी अनाथ. व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), गाणी, खेळ, भिंती रंगवणं, कपडे वाटप असा बेत आहे. परदेशात पहिल्यांदाच जातोय. काय तयारी करावी?"

सलाम. मावशी म्हणालास, तर मीही अरे-तुरेच करते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून समाजकार्य शिकले आणि ३१ वर्षं मुलांच्या संस्थांमध्ये काढली, त्यातली बहुतेक वडोदऱ्यात आणि आसपास. नेपाळला तीनदा गेले. पहिल्यांदा २००८ साली, अगदी तुमच्यासारखीच, मंडळीच्या टोळीबरोबर, गिटार आणि फरसाणाच्या पिशव्या घेऊन. नंतर दोनदा गेले ती तिथल्या काळजीवाहक बायकांना शिकवायला. तेव्हा पुढे जे तुला टोचेल ते आधी मला टोचून झालंय असं समज.

बॅगेत काय भरायचं ते शेवटी दोन ओळींत होईल. खरी तयारी फोनवर होते, आणि ती निघायच्या दोन-तीन महिने आधी. त्या बालगृहाच्या चालकांना फोन लाव, इकडचं तिकडचं बोल आणि सहज विचार: दशैंला मुलं कुठे जातात?

दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, पण नेपाळात त्याचं वजन आपल्या दिवाळीपेक्षाही जास्त. पंधरा दिवस देश घरी जातो. काठमांडू रिकामं होतं, बसच्या टपावरही जागा मिळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कपाळाला टिका आणि कानामागे जमरा, म्हणजे जवाचे कोवळे कोंब, लावून घ्यायचा, म्हणजे वर्ष पार पडलं. त्यामुळे या एका प्रश्नाच्या उत्तरातून संस्थेची सगळी कुंडली कळते. चालक म्हणाले, "वीसजण घरी जातात, कुणी आईकडे, कुणी मामाकडे, सहाजणांना आम्ही आजीपर्यंत सोडून येतो, उरलेल्यांचं असं असं आहे," तर हा माणूस प्रत्येक मुलाचं गाव ओळखतो. निर्धास्त पुढचं बोल. उलट "कुठेच जात नाहीत हो, बिचाऱ्यांना कुणीच नाही" असं उत्तर आलं, तर फोन ठेव आणि जरा विचार कर. बत्तीसच्या बत्तीस मुलांना आई नाही, बाप नाही, आजी नाही, काका-मामा कुणीच नाही, असं एका छपराखाली सहसा होत नाही. नेपाळच्या बालगृहांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी हयात आहे, असं युनिसेफने २०१५ मध्येच सांगितलं होतं. आपल्याकडची परिस्थिती फार वेगळी नाही. माझ्या नोकरीत ज्यांना लोक सरसकट "अनाथाश्रमातली पोरं" म्हणायचे, त्यांतल्या बहुतेकांची आई महिन्याच्या भेटीला फाटकाशी उभी असायची.

मग ही मुलं बालगृहात कशी पोचली? १९९६ ते २००६ ही दहा वर्षं नेपाळात माओवादी बंडाची गेली. हुम्ला, जुम्ला, त्या कर्णालीच्या डोंगरात, जिथे कित्येक वर्षं मोटारीचा रस्ताही नव्हता, तिथे दलाल फिरू लागले. "तुमच्या पोराला काठमांडूच्या बोर्डिंग शाळेत घालतो, इथे राहिला तर बंडखोर उचलून नेतील." बापाने शेत गहाण टाकून दलालाला पैसे दिले. शहरात आल्यावर कागदांवर मूल अनाथ झालं, कारण देणगीदाराला अनाथ हवा असतो. आता नकाशा उघडून बघ. गरिबी मोठी कर्णालीत, आणि बालगृहं कुठे? काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्यात आणि तुमच्या चितवनात. जिथे हत्तीवर बसायला, हिमालय बघायला पाहुणे येतात तिथे. मुलं पाहुण्यांच्या जवळ आणून ठेवली आहेत, आईच्या जवळ नाहीत.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसं गेली. त्यानंतर हेच पुन्हा होणार हे ओळखून नेपाळ सरकारने पालकांशिवाय आणि परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांच्या ठरावात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा आणि अशा संस्थांत होणाऱ्या हौशी सेवा-सहलींच्या धोक्याचा उल्लेख केला. तुम्ही तस्करांना मदत करताय असं मी म्हणत नाही. तुमचं बालगृह चांगलंही असेल. मी चांगली बालगृहं बघितली आहेत. पण चांगलं आहे हे ताडून बघायचं काम तुमचं आहे, आणि "पाळकांच्या ओळखीचे आहेत" एवढ्यावर ते होत नाही.

ताडायचं कसं? नोंदणी आहे का आणि राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेकडे संस्थेची माहिती आहे का, हे विचारा. गेल्या वर्षभरात किती मुलं घरी परत गेली, हा आकडा विचारा. चांगली संस्था हा आकडा अभिमानाने सांगते. वाईट संस्थेला प्रश्नच कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, ते तुमची चौकशी करतात का ते बघा. चौदा अनोळखी माणसं मुलांच्या घरात येणार आहेत. तुमची पोलीस पडताळणी मागितली का? ओळखीच्या दोन माणसांचे नंबर मागितले का? लेखी नियम पाठवले का? ज्या संस्थेने तुमच्यापैकी कुणाबद्दलही काही न विचारता "या, या, स्वागत आहे" म्हटलं, तिने उद्या दुसऱ्या कुणालाही तेच म्हटलेलं असणार. परदेशातून येणारा प्रत्येकजण गिटार घेऊनच येतो असं नाही.

आता मी स्वतः काय केलं ते सांगते. २००८ च्या त्या वारीत पहिल्याच संध्याकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. ओढणीशी खेळत म्हणाली, "कहिले जाने?" मला वाटलं, कुठे जायचं विचारतेय, फिरायला वगैरे. आमच्याबरोबरच्या दिदीने सांगितलं, ती विचारतेय की तुम्ही कधी जाणार. मी म्हटलं, सहा दिवसांनी. तिने बोटांवर सहा मोजले, उठली आणि पलीकडे बसलेल्या एका परदेशी मुलीच्या मांडीवर जाऊन बसली. ती महिनाभर राहणार होती. आमच्या टोळीतल्या सगळ्यांना हसू आलं. मीही हसले. रात्री झोप आली नाही.

मुलीचा हिशेब चोख होता. तिच्याइतक्या चोखपणे आम्ही केला नव्हता. आपल्याला वाटतं, मुलं किती प्रेमळ, पहिल्या दिवशीच गळ्यात पडली. घरात वाढलेलं सात वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. निवांत, सुरक्षित मुलाचं हेच लक्षण. कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल प्रेमळ नसतं असं नाही, पण त्या पडण्यामागे सोडून गेलेल्यांची लांबलचक रांग असते. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला, तेव्हापासून आमच्या धंद्यात हे माहीत आहे. पुढे २००० सालापासून रुमानियात, बुखारेस्टला, संस्थांमधल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास झाला. त्यातली अर्धी चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवली. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त सावरली. चादरी, खाणं, खेळणी यांतल्या फरकाने हे झालं नाही. रोज तोच चेहरा दिसण्याने झालं.

आणि आपण काय करतो? दर सुट्टीत १४ नवे चेहरे नेतो, दहा दिवस जीव लावतो, शेवटच्या रात्री मेणबत्त्या पेटवून रडतो, "पुढच्या वर्षी नक्की येऊ" म्हणतो. वर्षाला अशा पाच-सहा टोळ्या आल्या तर त्या मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा कुणीतरी सोडून जातं. म्हणून तुमच्या बेतातली मांडीवर घेणं, कडेवर घेणं, झोपताना गोष्ट सांगणं, "माझी लाडकी" म्हणून एकीला धरून बसणं, हे सगळं मी काढून टाकीन. ती कामं तिथल्या दिदींची, म्हणजे काळजीवाहक बायकांची. त्या उद्याही असणार आहेत.

हे ऐकून तुमच्यातलं कुणीतरी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दाखला देणार, हे मला ठाऊक आहे. मीही तोच दाखला घेऊन गेले होते. पण ते वचन पुन्हा काढून वाच. तिथे एकटे अनाथ नाहीत. अनाथ आणि विधवा, दोघांची नावं एका दमात घेतली आहेत. दोघांच्या संकटात समाचार घ्यायचा आहे. आपण अनाथाकडे धावतो कारण तो गोंडस असतो, फोटोत बरा दिसतो. विधवा असते हुम्ल्यात, गुरांमागे. तिच्याकडे कुणी व्हीबीएस घेऊन जात नाही. आणि पुष्कळदा ती त्याच पोराची आई असते.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना हे कुणी सांगायला नको खरं तर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. पुढे गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला, तेव्हा १९०० साली त्यांनी इथून मुली आणि बाया, दोघींना केडगावला नेलं. स्वतः विधवा, पदरी मुलगी. आई आणि लेकरू वेगळं काढता येत नाही हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही. बाकी मिशनांनीही त्या दुष्काळात गुजरातभर अनाथाश्रम उघडले, आणि इथल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची मुळं त्यांत आहेत. माझ्या सासूबाईंची आजी त्यातलीच, पंचमहालातली. चार-पाच वर्षांची असताना आणली. वहीत नोंद: आईबाप मृत. तिचं लग्न होऊन दोन मुलं झाल्यावर एक दिवस एक माणूस दाराशी आला, फडक्यात गुळाचा खडा बांधून. थोरला भाऊ. दुष्काळ सरल्यापासून शोधत होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाला, तोपर्यंत वाट बघत होती. सासूबाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा मिशनला कधी नावं ठेवायच्या नाहीत. त्या वर्षी मिशनने उचललं नसतं तर आजी जगली नसती. पण गुळाचा खडा सांगितल्याशिवाय गोष्ट संपवायच्याही नाहीत.

असो. तर जाऊच नका का? नाही, जा. पण बेत उलटा करा.

पहिलं म्हणजे चौदाजण नको. पाच किंवा सहा, आणि ज्यांच्या हाताला काही कसब आहे असे. २००८ च्या आमच्या अकरा जणांच्या टोळीत कामाची माणसं दोनच निघाली. एक मकरपुरा जीआयडीसीतला इलेक्ट्रिशियन. त्याला गाणी येत नव्हती, मुलांशी बोलता येत नव्हतं, म्हणून तो पहिल्याच दिवशी कंटाळून स्वयंपाकघरात गेला. तिथे उघड्या तारांचा बोर्ड भिंतीवर लोंबत होता आणि धूर बाहेर टाकायचा पंखा दोन वर्षं बंद. त्याने चार दिवसांत सगळ्या इमारतीची वायरिंग तपासली, फ्यूज बसवले, पंखा चालू केला. दुसरी आमच्या महिला मंडळातली साठीची बाई. ती पहाटे साडेपाचला भान्से दिदीच्या, म्हणजे स्वयंपाकीणबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि न बोलता तांदूळ निवडायला लागली. नेपाळात मुलं शाळेत जाण्याआधी सकाळीच पोटभर डाळभात खातात, त्यामुळे तिथली खरी धांदल पहाटेची. त्यामुळे त्या दिदीला वर्षात पहिल्यांदा दोन दिवस सुट्टी मिळाली. ती आपल्या मुलाला भेटून आली. हो, तिचंही एक मूल होतं, गावाकडे, आजीपाशी.

आम्ही बाकी नऊजण? आम्ही कठपुतळ्यांचा खेळ केला आणि भिंत रंगवली. रंगवण्याआधी खरवडताना हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली पिवळा, त्याखाली कुणाच्या तरी हाताचे निळे ठसे निघाले. दर टोळीने आपापला रंग दिला होता. कोठीची खोली उघडली तर टूथब्रशांची खोकी छतापर्यंत, आणि त्याच सकाळी दिदी गॅसचा सिलिंडर उधार मागायला शेजारी गेलेली. त्यामुळे कपडे वाटप वगैरे काढून टाका. काय हवंय ते चालकांना नका विचारू, ते भिडेखातर "काहीही चालेल" म्हणतील. दिदीला विचारा. ती सांगेल: पाण्याची टाकी गळते, कपडे वाळवायला छप्पर नाही, एकीच्या जागी दोघी हव्यात. तिसऱ्या गोष्टीसाठी पैसे लागतात आणि तुम्ही न जाता ते पाठवता येतात. तीच सगळ्यात मोलाची.

दुसरं, तारखा बदला. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, असतो. आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी त्यांची भाइटीका. बहीण भावाच्या कपाळाला सात रंगांचा टिका लावते, आणि त्या दिवशी ज्या मुलाची बहीण कुठेतरी आहे, त्याने तिच्याकडे असायला हवं. तुमच्यासाठी, म्हणजे पाहुणे येणार म्हणून, मुलांना बालगृहात थांबवून ठेवलं जाण्याची शक्यता असते. मी हे घडताना बघितलंय. तिहार उरकून शाळा सुरू झाल्यावर जा. मुलं दिवसभर शाळेत असतील आणि तुम्ही तेवढ्यात छप्पर घालाल. "मग मुलं भेटणारच नाहीत!" असं कुणी म्हणालं, तर तो कशासाठी येतोय हे टोळीला कळेल. संध्याकाळी फुटबॉल खेळा, गृहपाठाला बसा, सगळ्यांबरोबर, उघड्यावर. देवनागरी आपलीच असल्यामुळे त्यांच्या वहीतलं वाचता येतं, अर्थ निम्माच कळतो आणि मुलांना तुमचं वाचन ऐकून फार मजा येते. मोठ्या मुलाला ती "दाइ" म्हणतील. त्याने दचकू नये, दाइ म्हणजे दादा.

तिसरं धर्माचं, आणि हे हलक्यात घेऊ नका. आपल्याला गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा अंगवळणी पडलाय, तिथलाही कडक आहे. नेपाळच्या २०१७ च्या मुलुकी अपराध संहितेच्या कलम १५८ नुसार कुणाचं धर्मांतर केलं किंवा त्यासाठी प्रयत्न केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. मुलं हिंदू-बौद्ध घरांतली असणार. व्हीबीएस तुमच्यासाठी गाणी-गोष्टी असेल, तिथल्या पोलिसाला ती वेगळी दिसेल. आणि पकडले गेलात तर तुम्ही परत याल, दार बंद होईल ते त्या संस्थेचं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. ज्या मुलाला आपण जेवू घालतो त्याला "येशू आवडतो ना?" असं विचारलं, तर ते नाही कसं म्हणेल? तुम्हाला उपासना करायची तर शनिवारी तिथल्या मंडळीत जा. हो, शनिवारी, नेपाळात सुट्टी शनिवारची असल्यामुळे मंडळ्या शनिवारी भरतात. "जय मसीह" म्हणा, मागच्या चटईवर बसा. मोठ्यांमध्ये मोठ्यांसारखी भक्ती करा.

फोटो नकोत. एकही नको, पाठमोरा नको, चेहऱ्यावर हृदय चिकटवलेलाही नको. आपल्याकडे बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होतो. सीमा ओलांडली म्हणून मुलाची लाज कमी होत नाही. मंडळीला दाखवायला छपराचा फोटो काढा.

बाकीचे नियम सांगायला सोपे, पाळायला कठीण. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दारामागे एकटा नाही. मुलांच्या झोपायच्या खोलीत पाय नाही. एकाच मुलाला भेट नाही, फोन नंबर नाही, इन्स्टाग्राम नाही. "तुझे आई-बाबा कुठे गेले?" हा प्रश्न नाही, त्याची कथा ऐकण्याचा आपल्याला काही हक्क नाही. परत येण्याचं वचन नाही. जाण्याचा दिवस पहिल्याच दिवशी सांगायचा, रोज आठवण करायची, आणि जाताना रडायचं असेल तर बसमध्ये बसल्यावर. अठराच्या आतल्या कुणाला टोळीत घेऊ नका. आणि हे वाचून ज्याला "एवढा अविश्वास?" असं वाटेल, त्याला घरी ठेवा.

आता पैसे. तुमचा खर्च १४ गुणिले १८ हजार, म्हणजे २ लाख ५२ हजार. गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना तुला माहीत असेल: आईबाप नसलेल्या मुलाला काका, मामा, आजी असं कुणी सांभाळत असेल तर महिन्याला ३ हजार रुपये मिळतात. मी नोकरीत असताना या पैशावर कितीतरी पोरं संस्थेच्या दारातून माघारी आजीकडे गेलेली बघितली. रक्कम मोठी नाही, पण "हे पोर मला परवडत नाही" आणि "राहू दे माझ्यापाशी" यांच्यात पुष्कळदा एवढंच अंतर असतं. त्याच दराने तुमचे २ लाख ५२ हजार म्हणजे ८४ महिने. एका मुलाची सात वर्षं आजीच्या घरी. किंवा सात मुलांचं एकेक वर्ष. मी म्हणत नाही की सगळे त्यातच घाला. पाचजण गेलात तर ९० हजारांत भागेल आणि १ लाख ६२ हजार उरतील. ते पैसे बालगृहाला देताना सांगा, हे मुलं घरी पोचवायला आणि घरी टिकवायला आहेत, खाटा वाढवायला नाहीत. खाट वाढली की ती भरावी लागते. मात्र मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून काही करायचं तर आधी सीएला भेट. भारताबाहेर केलेल्या खर्चावर ट्रस्टला करमाफी आपसूक मिळत नाही, आणि पुढे हिशेबनीसाची मान अडकते.

ही गोष्ट तुमच्या खजिनदाराला पटणार नाही. तो म्हणेल, आपली तरुण मंडळी जाणार नसतील तर लोक वर्गणी देणार नाहीत. खरं आहे. आमच्या वेळीही हेच झालं. लोक प्रवासाला पैसे देतात, आजीला देत नाहीत. यावर माझ्याकडे उपाय नाही. पाळकांनी त्या वचनातल्या विधवेवर एक रविवार बोलावं, एवढंच सुचतं.

राहिली बॅग. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर विसंबू नका. अवध एक्स्प्रेसने वडोदऱ्याहून थेट गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पुढे चितवनातल्या भरतपूरकडे जाणारी बस. शंभराच्या नोटा ठेवा. आपल्या शंभराचे तिकडचे १६० होतात, हा दर कायम आहे, सीमेवर कुणी कमी देत असेल तर घेऊ नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. हातोडी, टेस्टर, पाना हे तिकडे मिळतं, पण आपल्या हाताचं बरं.

आणि लीलो चेवडो न्या, मला माहीत आहे तुम्ही नेणारच. मुलांच्या रांगा लावून वाटू नका. दोन किलोचा पुडा भान्से दिदीच्या हातात द्या आणि तिला हवा तेव्हा, हवा तसा वाढू दे. आमच्या त्या महिला मंडळाच्या बाईने तसंच केलं होतं. दिदीने पुडा फोडला नाही, फळीवर ठेवून दिला. आम्ही निघाल्यावर आठ दिवसांनी, शनिवारी, तिने तो मुलांना दिला म्हणे, आणि एक मूठ कागदात बांधून आपल्या पोरासाठी ठेवली.